लाल गोळी आणि पिवळी बाटली

हळद शिजवण्याचे दिवस आले की वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांच्या बाजारगावांतून एक दृश्य हमखास दिसते. खाजगी दवाखान्याच्या बाकड्यावर मजूर बाया ओळीने बसलेल्या असतात. हातांना हळदीचा रंग, डोळे खोल गेलेले. आत खाटेवर एकीला सलाइन चालू असते. कंपाउंडर त्या बाटलीत सुईने औषध सोडतो आणि बघता बघता बाटली पिवळीधमक होते. हिला आमच्याकडे ‘ताकदीची बाटली’ म्हणतात. माझी चुलती हंगामात अशा दोन बाटल्या लावून घेतेच. यंदा एका बाटलीला तिची तीन दिवसांची मजुरी गेली. मी रागावलो तर म्हणाली, “बाबा, अंगात रगतच ऱ्हायलं नाही तर काय करावं? बाटली लावली की दोन दिस उभं तरी ऱ्हाता येतं.”

त्याच घरात, देवळीत, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीमागे लाल गोळ्यांचे चार पत्ते न फोडता पडलेले होते. ते तिच्या लेकीचे. माझी ही चुलतबहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सहावा महिना लागलेला. गोळ्या आशाताईंनी घरी आणून दिलेल्या, फुकट. “का घेत नाहीस?” म्हणून विचारले तर तिने खाली बघितले. “दादा, मळमळतंय. अन् सासूबाई म्हनल्या, त्या गोळ्यानं लेकरू काळं व्हतंय.”

जे फुकट मिळते आणि कामाचे आहे ते देवळीत, आणि जे विकतचे आणि जवळजवळ बिनकामाचे ते शिरेत, अशी ही उलटापालट आहे. तिला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु आपल्या चळवळीतील शिकलेली माणसे तरी या प्रश्नाकडे नीट पाहतात काय? आपल्यापैकी एक गट म्हणतो, गोळ्या ही व्यवस्थेची मलमपट्टी आहे, भाकरी द्या, गोळ्या नकोत. दुसरा गट जयंतीच्या शिबिरात कोणत्या तरी कंपनीची ‘मल्टिव्हिटॅमिन’ची पाकिटे वाटून आरोग्यसेवा केल्याचे समाधान मानतो. पहिल्याचे निदान अर्धे बरोबर आहे. दुसऱ्याचे तेवढेही नाही.

जीवनसत्त्वे आणि खनिजे म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. शरीराला ही द्रव्ये अगदी थोडी लागतात, पण ती बहुतांशी बाहेरूनच मिळवावी लागतात. एखादे द्रव्य कमी पडले तर विशिष्ट आजार होतो आणि ते दिले की तो आजार हटतो. मात्र कमतरता नसताना ते अधिक दिल्याने ताकद वाढत नाही. कालवणात मीठ नसेल तर घास उतरत नाही, म्हणून मूठभर मीठ घातल्याने पोट भरत नाही. ताकद येते ती धान्य, डाळ, तेल, अंडी, मांस यांतून. पिवळ्या बाटलीचा हिशेब मी चुलतीला मांडून दाखविला. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी असते. साखरेची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे एका भाकरीइतकीही ऊर्जा नाही. पिवळा रंग बी-गटातील एका जीवनसत्त्वाचा, जे शरीराला नको तेवढे झाले की लघवीवाटे निघून जाते. पिवळी लघवी झाली म्हणजे औषध लागू पडले असे बाया समजतात. खरे तर तीन दिवसांची मजुरीच वाहून गेलेली असते. मग ‘दोन दिवस उभे राहता येते’ ते कशाने? उन्हात दिवसभर राबलेल्या, पाणी कमी प्यालेल्या शरीराला पाणी-मीठ मिळाले, आणि दोन तास खाटेवर आडवे पडायला मिळाले. तेवढी विश्रांती तिला घरी कोणी देत नाही, ही गोष्ट दवाखान्याच्या पथ्यावर पडते.

परंतु कमतरता खरी असेल तेव्हा याच द्रव्यांचा गुण डोळ्यांनी दिसण्यासारखा असतो. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. दख्खनच्या जवारी खाणाऱ्या मुलखात गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग होत असे. उन्हात उघडी राहणारी मान आणि हात काळे पडून सोलत, जुलाब लागत, पुढे डोके ठिकाणावर राहत नसे. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये जवारीतील एका घटकाशी या रोगाचा संबंध जोडला. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. नायसिन हे जीवनसत्त्व दिले की रोगी उठून बसतो, याबद्दल मात्र वाद नव्हता. दोष जवारीचा नव्हता. एखाद्या समाजाला नुसत्या जवारीवर ठेवले जाते, दोष त्या ठेवण्याचा होता.

लाल गोळीची कुळकथा तर आपल्या कामगार बायांच्या रक्तातूनच सुरू होते. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बाया एका विशिष्ट पंडुरोगाने फिकट पडत आणि बाळंतपणात दगावत. त्याचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते आणि तिचे ठाणे हाफकिन संस्थेत होते. तिने या बायांचे खाणे तपासले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि तिच्या ध्यानात आले की हा जंतूंचा रोग नाही, आहारातला काही तरी अंश कमी पडतो आहे. मार्माइट हा यीस्टपासून केलेला स्वस्त अर्क दिला की या बायांचे रक्त भरून येई. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. तो अज्ञात अंश १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पानावरून त्याला फोलिक अॅसिड हे नाव पडले. आज सबंध जगातल्या गरोदर स्त्रियांना दिले जाणारे फोलिक अॅसिड ते हेच. (याच बाईने १९३१ मध्ये मद्रासच्या ज्या रुग्णालयात काम केले त्याचे नाव होते ‘कास्ट अँड गोशा हॉस्पिटल’. सवर्ण हिंदू आणि पडदानशीन मुसलमान बायांसाठी काढलेले. जात दवाखान्याच्या पाटीवरच लिहिलेली होती, एवढेच येथे नोंदवतो.)

आणि त्याच १९२८ च्या जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार एकट्या बाईवर टाकता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये कायदा झाला. एकाच शहरात, एकाच सुमारास, एक प्रयोगशाळेत आणि एक विधिमंडळात त्याच बाईचा विचार करीत होते. गोळी आणि विश्रांती या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध उभ्या करणाऱ्या आपल्या मित्रांनी हा योगायोग ध्यानात घ्यावा. तो कायदा कारखान्यातल्या बाईपुरता होता. हळद काढणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा आजही नाही.

आता लाल गोळीबद्दल. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असते. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाची. रक्तातील हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर डॉक्टर किंवा नर्सबाईंच्या सांगण्यावरून रोज दोन. ७ च्या खाली गेले तर गोळीवर विसंबू नये, रुग्णालय गाठावे. तेथे शिरेवाटे लोह देण्याची तरतूद आहे. ती बाटली पिवळी नसते, तपकिरी असते, आणि बाटली लावायचीच तर ती लावावी. शाळेतील किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी असते, त्याहून लहान मुलांना गुलाबी. शिक्षक मित्रांना विनंती की निळी गोळी उपाशी पोटी देऊ नये, खिचडीनंतर द्यावी. चार मुलींना एकदम मळमळले की गावात ‘गोळीने विषबाधा’ अशी हूल उठते आणि वर्षभर कोणी गोळी घेत नाही.

देशात हा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. ही गोळीची हार नव्हे. गोळी वाटली जाते, समजावून सांगितली जात नाही. ती घेतल्यावर शौचाला काळे होते, कारण न शोषलेले लोह बाहेर पडते. त्याने लेकराचा रंग काळा होत नाही, आणि झाला तरी काय बिघडले, हा प्रश्न आपण आपल्याच घरात विचारायला हवा. मळमळ व बद्धकोष्ठ सुरुवातीचे काही दिवस असतो. जेवणानंतर तासाभराने किंवा रात्री निजताना गोळी घेतली तर तो कमी होतो. चहाबरोबर घेऊ नये. चहा लोह अडवतो, आणि आपल्या वस्त्यांत भाकरीवर लगेच चहा हा रिवाज आहे. लिंबू, पेरू, आवळा यांच्या सोबतीने लोह चांगले लागू पडते. कॅल्शियमच्या गोळ्याही गरोदर बाईला मिळतात. त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, मध्ये दोन तासांचे अंतर पाहिजे. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते तीही टाकू नये, कारण आकडेकृमी आतल्या आत रक्तच पितो. गरोदर बाईने मात्र ती विचारून घ्यावी.

आणि ही गोळी निरुपद्रवी नाही, हेही तितक्याच ठासून सांगावे. ती लाल, गोड वेष्टनाची असते आणि लहान लेकराला चॉकलेटसारखी वाटते. दहा किलोच्या लेकराने दहा गोळ्या गिळल्या तर ६०० मिलिग्रॅम लोह पोटात जाते, आणि एवढे लोह त्याच्या जिवावर बेतू शकते. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास बरे वाटल्यासारखे होते आणि नंतर लेकरू एकाएकी ढासळते. मधल्या त्या ‘बरे वाटण्याला’ फसू नये, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. देवळी उंच असेल तर देवळीत, नसेल तर आढ्याला टांगलेल्या पिशवीत, पण गोळ्या लेकरांच्या हाताबाहेर असाव्यात.

दुसरी सावधगिरी सिकलसेलची. हिंगोलीची सोयरीक वाशीम, यवतमाळ, नांदेडकडे असते, आणि विदर्भातील बौद्ध व आदिवासी समाजांत सिकलसेल बराच आढळतो. या रोगातही अंग फिके पडते, पण कारण लोहाची कमतरता हे नसते. पुन्हा पुन्हा रक्त चढवलेल्या रोग्याच्या अंगात लोह साचते आणि वरून लोहाच्या गोळ्या दिल्या तर यकृत-हृदयाला इजा होते. अशा रोग्याला फोलिक अॅसिड देतात. लोह द्यायचे की नाही ते तपासणीनंतरच ठरते. म्हणून गोळी महिनाभर नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल तर ‘अजून घे’ म्हणू नये, सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात होते.

रक्ताचा प्रश्न लोहावर आणि फोलिकवर संपत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब-१२ हे जीवनसत्त्व कमी निघाले. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. ज्या आयांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत पुढे मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली, असे २००८ मध्ये त्यांनी मांडले. एकच ठरावीक गोळी सर्वांना पुरते असे नाही. ती घेणारी बाई काय खाते, हे आधी विचारावे लागते.

आणि ब-१२ मिळते कोठे? मांस, काळीज, अंडी, मासे, दूध यांत. भाजीपाल्यात ते नाही. जे अन्न आपल्या आयांनी रांधले, रक्ती, वजडी, चान्या, काळीज, त्यात लोह आणि ब-१२ दोन्ही भरपूर असतात, आणि मांस-रक्तातले लोह शरीर धान्यातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज उचलते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील या स्वयंपाकाची नोंद केली, ती आजही अनेकांना अडचणीची वाटते. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या गुराचे मांस, त्यामागची लाचारी. आपल्यातील नोकरदारांनी मात्र त्याचा अर्थ ‘मांसच सोडा, म्हणजे सभ्य दिसाल’ असा लावून घेतला. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आली आणि आमच्या बाजारातून ‘मोठ्याचे’ जवळजवळ दिसेनासे झाले. गरिबाला परवडणारे मांस तेच होते. शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. एका हाताने अन्न काढायचे आणि दुसऱ्या हाताने गोळी द्यायची, या व्यवहाराला पोषण कार्यक्रम म्हणतात. (काळजाबद्दल एक सूचना: त्यात अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदरपणी ते नेमाने खाऊ नये.)

भाज्यांचेही तेच. तांदुळजा, पाथरी, घोळ, चिवळ, अंबाडी या बांधावरच्या भाज्यांना पैसा लागत नव्हता. जिल्हा सोयाबीनचा झाला, तणनाशक आले, बांध जळाले. सोंगणीची मजुरी जवारीत मिळायची तीही आता रोखीत मिळते, आणि रोख पैसा पिवळ्या बाटलीकडे वळायला वेळ लागत नाही.

अतिरेकाचे धोके थोडक्यात सांगतो, कारण हे वेड आता वस्तीतही आले आहे. ड जीवनसत्त्वाची पुडी ६०,००० युनिटची असते आणि रोजची गरज ६०० ची, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा माल. ती डॉक्टर आठवड्याला एक, तीही काही आठवडेच देतात. गुडघे दुखतात म्हणून रोज एक फोडणारे मी पाहिले आहेत. त्याने रक्तात कॅल्शियम चढते, उलट्या होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. अ जीवनसत्त्वाचे ठरलेले डोस लेकरांना नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी जरूर द्यावेत. त्याने रातांधळेपणा टळतो. पण गरोदर बाईने त्याच्या मोठ्या मात्रेला हात लावू नये, गर्भात व्यंग येऊ शकते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांनी कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती, १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक निघाला. ब-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसा बिघडतात, आणि गंमत अशी की हातापायांना मुंग्या येतात म्हणूनच लोक ते घेतात. आपल्या वसमतची हळदसुद्धा या बाजारातून सुटलेली नाही. तिचा अर्क कॅप्सुलांत भरून जगभर विकला जातो. इटलीत २०१९ मध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या काही जणांचे यकृत सुजले आणि तेथील सरकारला वेष्टनावर इशारा छापायला लावावा लागला. भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी.

बहिणीचे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघाले. नर्सबाईंनी रोज दोन गोळ्या सांगितल्या. रात्री जेवून तासाभराने एक, दुपारी भाकरीनंतर तसेच थांबून एक, चहा संध्याकाळवर ढकललेला. चुलतीने स्वतःच कोंबडीची अंडी विकायचे बंद केले. महिन्याने ९.१ झाले. देवळीतले चारही पत्ते संपले आणि पाचवा आणायला गेलो तर उपकेंद्रात साठा नव्हता. औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने “यापेक्षा भारी देतो” म्हणत दोनशे रुपयांची टॉनिकची बाटली पुढे केली. मी मागची बारीक अक्षरे वाचून एका चमच्यात किती लोह आहे ते बहिणीला सांगितले. तिने मनाशी हिशेब केला, लाल गोळीइतके लोह व्हायला किती चमचे लागतील याचा. मग बाटली काचेवर परत ठेवून तिने आशाताईंना फोन लावला आणि विचारले, “ताई, गोळ्या कधी येणारेत ते साहेबांना इच्यारून सांगा. नसता मी सोमवारी चार बाया घेऊन तिथंच येते.”